लमूनताईला सांगायचं कुणी?

बँकॉकच्या पलीकडच्या फोथारामच्या बाजारगल्लीतली बाई ओळखायची असेल तर तिच्या कपाळाकडे बघावं. कपाळावरचे केस डावीकडे वर आणि उजवीकडे खाली, पडवीच्या पत्र्यासारखे उतरत गेलेले दिसले की खुशाल समजावं, ही आमच्या गल्लीतली. मासळीवाली जुरी तशी, औषधाच्या दुकानातली बाई तशी, आणि नारळाच्या दुधाचे आप्पे विकणारी प्रानोम तर तशी आहेच. राचबुरीच्या मोठ्या बाजारात एका कांदेवाल्यानं प्रानोमला काही न विचारताच म्हटलं होतं, "फोथारामहून आलात वाटतं?" ती हो म्हणाली आणि घरी येईपर्यंत याला कसं कळलं असेल याच विचारात राहिली. घरी आरशासमोर उभी राहिली तेव्हा उलगडा झाला.

हे सगळं लमूनताईच्या कात्रीचं देणं. बाजाराच्या तोंडाशीच तिचं केसांचं दुकान. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, आणि केस वाळवायचा एक टोप, जो चालू केला की शेजारच्या दुकानातला रेडिओ खरखरायचा. गल्लीतल्या बहुतेक पोरांचं जावळ तिनं काढलेलं, आणि पुढे त्यातल्याच पोरींचे लग्नातले अंबाडेही तिनंच घातलेले. डोकं महिन्याच्या बाळाचं असो की पेन्शनरचं, हात लावण्याआधी ती हळूच "माफ कर हं" म्हणणार. माणसाचं डोकं म्हणजे त्याचा देव्हारा, तिथे न विचारता हात घालायचा नसतो, हे तिच्या गुरूनं शिकवलेलं आणि तिनं कधी सोडलं नाही.

फक्त गेली दोन-तीन वर्षं तिच्या डोळ्यांवर साय धरत चालली होती. हात तेच, चपळाई तीच, कात्रीची कचकच तीच. कात्री नेमकी कुठे निघालीय, ते मात्र आता कात्रीलाच ठाऊक असायचं.

तुम्ही म्हणाल, मग कुणी सांगितलं का नाही? वा. मोठे आले सांगणारे. बसा की त्या खुर्चीत एकदा. कापून झालं की लमूनताई मागून छोटा आरसा धरते, मान जराशी कलती करते आणि विचारते, "झालं बघ. छान दिसतंय ना?" या प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर आहे, आणि ते शाळेत जायच्या आधीच पाठ झालेलं असतं. छान दिसतंय, ताई. एकदा तर प्रानोमच्या कानाच्या पाळीलाच कात्री लागली. लमूनताई घाबरून म्हणाली, "लागलं का गं?" आणि प्रानोम कानावर रुमाल दाबत म्हणाली, "माय पेन राय, ताई. काही नाही हो. आणखी एक आहे की." वर निघताना हात जोडून आभारही मानून आली.

याला आम्ही क्रेंग चाय म्हणतो. तुम्ही भीड म्हणा. समोरच्याला ओशाळं वाटू नये म्हणून आपण गप्प बसायचं, आणि आपण गप्प बसलोय हेही त्याला कळू द्यायचं नाही. आमची सगळी गल्ली या भिडेवर चालते. आणि ती चालते फार छान, नाही असं नाही, फक्त कपाळ उघडं पडतं.

दुसरीकडे जाऊन गुपचूप केस कापून घ्यावेत म्हणाल, तर तेही होत नाही. कारण आमच्याकडे माणूस दिसलं की पहिला प्रश्न, "कुठे गेली होतीस?" हा काही चौकशीचा प्रश्न नव्हे, नुसतं बोलायचं म्हणून बोलायचं. पण डोक्यावर नवे कोरे, सरळ कापलेले केस घेऊन त्याला "अशीच, इथेच" म्हणायला फार जाड कातडी लागते. जुरीनं प्रयत्न केला होता. राचबुरीला भाचीकडे जाते सांगून गेली आणि नीटनेटके केस कापून आली. बाजाराच्या तोंडाशी येते तोच लमूनताईचा दारातून आवाज, "जुरी, कुठे गेली होतीस गं?" जुरीनं हातातली शेतातली टोपी कानापर्यंत ओढली आणि पुढचे कित्येक दिवस टोपी घालूनच मासे कापले. शेवटी उकाड्यानं जीव जायची पाळी आली, तेव्हा स्वतःच्या पायांनी लमूनताईकडे गेली आणि कपाळावर गल्लीची झालर कापून घेऊन बाहेर आली. तेव्हा कुठे तिला हलकं वाटलं.

तर अशा गल्लीत प्रानोमच्या एकुलत्या एक मुलीचं, फायचं, लग्न ठरलं.

बातमी सकाळी फुटली आणि पहिल्या घाण्याचे आप्पे उतरायच्या आत लमूनताई गाड्यासमोर हजर. "कळलं मला. जावळ मी काढलंय, आता लग्नाचे केसही मीच करणार. कपाळावरचे जरा सारखे करू, मागे मोठा अंबाडा. पैशाचं नाव काढायचं नाही."

प्रानोमच्या डोळ्यांसमोर मुलीचं कपाळ आलं. आणि तोंडातून काय निघालं, तर "किती भाग्याचं, ताई. मला तर तुम्हाला विचारायचीच भीड वाटत होती." बोलणं झालं, लमूनताई गेली, आणि साच्यातला सगळा घाणा करपला.

फाय शनिवारी बँकॉकहून आली. तिकडे विम्याच्या कचेरीत काम करून पोरगी थोडी फटकळ झालेली. आईनं भीतभीत सांगितलं, तशी तिनं आईच्या कपाळाकडे बघितलं, मग भिंतीवरच्या आरशात स्वतःच्या, आणि खालीच बसली.

"आई, फोटो जन्मभर राहतात."

"केस वाढतात गं."

"फोटोतले नाही वाढत. आणि टोनच्या आईचं काय?"

ही टोनची आई म्हणजे होणारी विहीण, नाखोन पथोमच्या एका शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. बघाबघीच्या दिवशी घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिनं प्रानोमच्या भिंतीवरची कललेली तसबीर दोन बोटांनी सरळ केली होती आणि मगच नमस्काराला हात जोडले होते. ती बाई सुनेच्या कपाळाचं काय करेल, या विचारासरशी प्रानोमनं ती तसबीर पुन्हा एकदा चाचपून सरळ केली.

"मी सांगते लमूनमावशीला," फाय म्हणाली.

"खबरदार. तू सांगितलंस तर मी गल्लीत तोंड कसं दाखवू?"

"तोंड दाखव. कपाळ झाकून घे."

प्रानोमनं तिला पाठीत एक धपाटा घातला, पण जोर नव्हता त्यात. फाय मग जरा नरमली. म्हणाली, "आई, लमूनमावशीनं मला मांडीवर घेऊन वाढवलंय. तिचं मन मला मोडायचं नाही. पण लग्नाच्या दिवशी तिच्या कात्रीखाली डोकंही द्यायचं नाही. दोन्ही कसं जमवायचं ते तू बघ. भाग्याचं म्हणणारी तू." एवढं बोलून ती रविवारच्या गाडीनं निघून गेली, आणि प्रानोमच्या गळ्यात हे लोढणं अडकवून गेली.

सोमवारी प्रानोम आप्प्यांचा पुडा घेऊन लमूनताईच्या दुकानात गेली. आज सांगायचंच. वाटेत चार वेळा घोकलं होतं. दारात पाऊल टाकलं तशी लमूनताई म्हणाली, "जेवलीस का?" ही म्हणाली, "जेवले." आता जेमतेम अकरा वाजत होते आणि हिनं सकाळपासून घोटभर कॉफीवर दिवस काढला होता, पण या प्रश्नालाही उत्तर एकच असतं. मग लमूनताईनं खुर्ची पुसली, "बस की," म्हणाली. आता बस म्हटल्यावर उभं कसं राहायचं? आणि त्या खुर्चीत बसल्यावर नुसतं कसं बसायचं? अर्ध्या तासानं प्रानोम बाहेर आली तेव्हा कपाळावर होतं त्यातलंही निम्मं गेलेलं.

घरी नवरा, विचियन, टेबलपंखा उघडून बसला होता. त्यानं वर बघितलं, पुन्हा पंख्यात डोकं घातलं आणि म्हणाला, "छान दिसतंय."

"तुम्ही तर बोलूच नका," प्रानोम म्हणाली.

बुधवारी तिनं जरा आडवळणानं जायचं ठरवलं. "ताई, लग्नाच्या दिवशी पहाटेपासून गडबड. तुम्हाला कशाला एवढी दगदग? तुम्ही आपल्या पाहुण्यांसारख्या मांडवात बसा." लमूनताई क्षणभर थांबली. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग म्हणाली, "छे गं. फायच्या लग्नात कसली दगदग." आणि कात्रीला तेल घालायला लागली. त्या कात्रीकडे बघून प्रानोमला पुढचं बोलवेना.

मग तिनं विचियनला गाठलं. "तुम्ही जा. तुमच्या डोक्यावर एक केस नाही. तुम्हाला कसली भीड? गल्लीत तुम्हीच एकटे सुटलेले आहात."

"माणूस टकला झाला म्हणून उद्धट होतो का?" तो म्हणाला. पण बायको दिवसभर धुसफुसत होती, आप्पे रोज करपत होते, तेव्हा बिचारा गेला. तासाभरानं परत आला तेव्हा त्याची मिशी डावीकडे वर आणि उजवीकडे खाली होती.

"सांगितलंत?"

"तिनं विचारलं, काय काम काढलंत? तर आता काहीतरी काम सांगायला नको? म्हटलं, मिशी जरा सारखी करायची होती." तो आरशासमोर गेला, तोंड इकडून तिकडून फिरवून बघितलं आणि म्हणाला, "फाय खरं सांगते, प्रानोम. हे फोटोत चांगलं दिसायचं नाही."

लग्न आठवड्यावर आलं. फायचा रोज फोन, "सांगितलंस का?" शेवटी प्रानोमनं भित्र्या माणसानं जे करायचं तेच केलं. खोटं बोलली. दुकानाच्या दारातच उभी राहिली, आत गेलीच नाही, खुर्चीची दहशत बसलेली. आणि एका दमात म्हणाली, "ताई, मुलाच्या आईनं त्यांच्याकडची केसांची बाई ठरवलीय. मला विचारलंही नाही. मोठी बाई, मला नाही म्हणता येईना. मला फार वाईट वाटतंय."

लमूनताई केर काढत होती. तिचा झाडू थांबला.

"माय पेन राय," ती म्हणाली.

आता हे माय पेन राय काही एकाच जातीचं नसतं. पायावर पाय पडला की एक असतं, नवरा पुन्हा तांदूळ आणायला विसरला की दुसरं. एक असतं ते जा बाबा सुखानं असं, आणि एक असतं ते मी मेल्यावरही हे विसरणार नाही असं. आणि लमूनताई आमच्याशी, म्हणजे तिच्यापेक्षा लहान असलेल्यांशी, बोलताना कुठल्याही वाक्याच्या शेवटी एक लाडाचा ‘चा’ लावायचीच. ये चा, बस चा, माय पेन राय चा. गोंजारल्यासारखा. त्या दिवशी तो आला नाही. प्रानोम दारात वाट बघत उभी राहिली, पण तो आलाच नाही. झाडू पुन्हा चालायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लमूनताईचं शटर उघडलं नाही.

पूर आला तेव्हाही गुडघाभर पाण्यात जे दुकान उघडं होतं, ते बंद. गल्लीभर कुजबुज सुरू झाली. प्रानोमला उघड कुणी काही विचारलं नाही, आमच्यात तसं विचारत नाहीत. पण येणारी जाणारी प्रत्येक बाई गाड्यापाशी थांबून "जेवलीस का?" म्हणायची आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे व्हायची. औषधाच्या दुकानातल्या बाईनं तर पुडा घेतला आणि पैसे देताना हसलीसुद्धा नाही. जुरी तेवढी मासे खवलता खवलता, कुणाकडेच न बघता म्हणाली, "आम्ही आपलं मुकाट्यानं छान म्हणत आलो. आमचे काय डोळे फुटले होते?"

प्रानोमचा घास आदल्या रात्रीपासूनच घशाखाली उतरत नव्हता. तिला सारखं आठवत होतं ते फायचं जावळ. पोर रडून लाल झालेली, आणि लमूनताई तिच्या चिमुकल्या टाळूवर हात ठेवण्याआधी तिला माफ कर हं म्हणत होती, महिन्याच्या पोरीला. अशा बाईशी आपण दारात उभं राहून खोटं बोललो. तेही एका झालरीसाठी. प्रानोमला स्वतःची अशी लाज वाटली की दुपारी तिनं साचा तसाच विस्तवावर सोडला, विचियनला "बघा जरा" म्हणाली आणि निघाली. लमूनताईच्या मागच्या दारापर्यंत जाता जाता तिनं मनातल्या मनात मुलीचं कपाळ देऊनही टाकलं. कापू दे. वाकडं तर वाकडं. विहिणीला काय सरळ करायचं ते करू दे.

मागचं दार उघडंच होतं. आत लमूनताई गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली होती, पाय दुसऱ्या खुर्चीवर पसरलेले, मांडीवर ताटली, आणि ताटलीत कैरीच्या फोडी आणि तिखटमीठ. शेजारचा रेडिओ मजेत, न खरखरता चालला होता.

"कोण, प्रानोम? ये. जेवलीस का?"

प्रानोमनं तोंड उघडलं. जेवले हा शब्द जिभेवर आलाच होता, जन्मभर येत आला तसा. आणि तो काही केल्या बाहेर पडेना.

"नाही, ताई," ती म्हणाली. "कालपासून नाही जेवले."

लमूनताईनं फोड ताटलीत ठेवली. हा प्रश्न तिनं आयुष्यात किती वेळा विचारला असेल, पण असलं उत्तर तिला कुणी दिलं नव्हतं. "का गं? काय झालं?"

"मी काल खोटं बोलले. मुलाच्या आईनं कुणी बाई ठरवलेली नाही." आणि आता थांबले तर पुन्हा जमणार नाही, म्हणून प्रानोम डोळे मिटून बोलून गेली, "ताई, तुम्ही कापलेले केस वाकडे होतात."

रेडिओवर कुणीतरी साबणाची जाहिरात करत होतं. ती संपली.

"कुठल्या बाजूला?" लमूनताईनं विचारलं.

"डावीकडे वर जातात. उजवीकडे खाली."

"सगळ्यांचेच?"

"सगळ्यांचे. यांची मिशीसुद्धा."

"आणि तरी तुम्ही येत राहिलात?"

"भीड वाटली, ताई."

लमूनताईचे खांदे हलायला लागले. प्रानोमला वाटलं रडते आहे, ती पुढे धावली. तर बाई हसत होती. ताटली मांडीवरून घसरली, कैरीच्या फोडी फरशीभर झाल्या, तरी हसत होती. दम लागेपर्यंत हसली आणि मग गिऱ्हाइकाचा टॉवेल ओढून डोळे पुसले.

"अगं, मला का कळत नव्हतं? दिसत नसलं तरी बोटांना कळतं की. दोन वर्षं झाली, मला हे दुकान बंद करायचंय. डॉक्टर म्हणतो मोतीबिंदू काढू, मुलगी म्हणते माझ्याकडे हुआ हिनला ये. दोनदा तारीख घेतली, दोनदा सोडली. का? तर तुम्ही येता म्हणून. मी म्हटलं, मी वाकडं कापते तरी या बाया येतात, कान कापला तरी हात जोडून जातात, एवढी यांची माया. यांना येऊ नका कसं म्हणू? मला भीड पडली."

"म्हणजे तुम्ही आमच्या भिडेनं कापत होतात?"

"आणि तुम्ही माझ्या भिडेनं कापून घेत होतात."

प्रानोम मटकन बसली. बसल्यावर लक्षात आलं की आपण त्याच खुर्चीत बसलोय, तशी पुन्हा उठली. "पण मग फायचे केस? ते तर तुम्हीच म्हणालात."

"म्हणायचं असतं म्हणून म्हटलं. वाटलं, तू म्हणशील, राहू दे ताई, तुम्हाला त्रास. तर तू म्हणालीस किती भाग्याचं. घरी येऊन मी कपाळाला हात लावला. त्या पोरीचं कपाळ माझ्या हातून बिघडणार म्हणून मला झोप नव्हती."

"अहो, मी दगदग नको म्हणाले होते की नंतर."

"मला वाटलं, मी पैसे घेणार नाही म्हणून तुला संकोच झालाय."

यावर दोघींनी एकमेकींकडे बघितलं, म्हणजे प्रानोमनं बघितलं आणि लमूनताईनं त्या दिशेला तोंड केलं. प्रानोमला हसावं का आपलं थोबाड फोडून घ्यावं ते कळेना.

"काल तू नाही म्हणालीस," लमूनताई म्हणाली, आता तिचा आवाज खाली आला, "तेव्हा वाटलं, सुटले. नवरीकडूनच नको आलं, आता बाकीच्यांना नाही म्हणायला तोंड झालं. आज उशिरापर्यंत लोळले. पण काल रात्री रडलेही. दोन्ही झालं. चाळीस वर्षं डोकी हातात धरली आणि शेवटी कुणी खरं सांगितलं नाही, तुझ्यासारखीनंही नाही, याचं वाईट वाटलं मला."

"म्हणून तो चा गेला?"

"घशात अडकला. मुद्दाम नव्हता गिळला."

मग तिनं भात गरम केला आणि वर दोन अंड्यांचं आम्लेट टाकलं. प्रानोम बकाबका जेवली. जेवता जेवता तिच्या मनात एक आलं, पण विचारायला पुन्हा तीच जुनी भीड आडवी आली. तिनं घास गिळला आणि विचारलं, "ताई, अंबाडा घालायला डोळे लागतात का हो?"

 लमूनताईची बोटं मांडीवर आपोआप वेणी घालायला लागली. "कात्रीला लागतात," ती म्हणाली. "अंबाडा बोटांनी होतो. पण तू हे मला बरं वाटावं म्हणून म्हणतेयस का?"

"नाही. तुम्ही हो म्हणालात तर ते मला बरं वाटावं म्हणून का?"

"नाही."

"नक्की?"

"अगं बाई, नक्की. जेव तू."

लग्नाचा फोटो अजून प्रानोमच्या भिंतीवर आहे. मधे फाय आणि टोन, दोघांच्या डोक्यांवर पांढऱ्या दोऱ्याची जोडकडी, हातांवर वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादाचं पाणी पडतंय. मागे सगळी बाजारगल्ली, एका रेषेत उतरत गेलेली कपाळं, आणि कडेला विचियन, मिशी काढून टाकलेला. विहीणबाई त्या कपाळांकडे बघतायत आणि त्यांचा उजवा हात अर्धा वर उचललेला आहे. तसबीर थोडी कलती लागलीय, पण प्रानोम ती मुद्दाम तशीच ठेवते, विहीण आल्यावर तिला काहीतरी काम हवं म्हणून.

पण मला सांगायचंय ते त्या दिवशी पहाटेचं, मंत्रपठणाला भिक्षू यायच्या आधीचं. आतल्या खोलीत फाय स्टुलावर बसलेली, समोर कपाटाचा आरसा, आणि भोवती गल्लीतल्या बायकांची ही गर्दी, कारण लमूनताई शेवटचा अंबाडा घालणार आणि मग डोळे करायला जाणार, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. खरं खोटं सगळं कळलं होतं, आणि त्यामुळे जो तो जरा ओशाळलेला, नेहमीपेक्षा दुप्पट गोड बोलत होता. लमूनताईनं फायच्या डोक्याजवळ हात नेला आणि थांबली. "माफ कर हं," म्हणाली, आणि मग हात टेकवला.

कात्री कुणी आणलीच नव्हती. ताईची बोटं केसांतून अशी फिरली की बघणारीनं बघत राहावं. डोळे तिचे भलतीकडेच, खिडकीकडे. बोटांनी मोजलं, पिळलं, वळवलं, आकडे दातांत धरून एकेक खोवले, आणि बघता बघता मानेवर एक घट्ट, गोल, जड अंबाडा बसला. मग तिनं मोगऱ्याचा गजरा चाचपून त्याभोवती गुंडाळला. छोटा आरसा मागे धरला. मान जराशी कलती केली.

"झालं बघ. छान दिसतंय ना?"

खोलीतल्या सगळ्या बायकांनी श्वास घेतला, एका सुरात म्हणायला. प्रानोमच्या तर ओठांवर आलंच होतं. इतकं सगळं होऊनही आलं होतं, सवय कुठे जाते? पण आरशात बघत होती ती फाय.

"अंबाडा फार छान झालाय, मावशी," फाय म्हणाली. "गजरा वाकडा आहे."

 जुरीनं भिंतीला हात टेकला. प्रानोमला वाटलं, संपलं, आजच्या दिवशी तरी पोरीनं तोंड आवरायचं होतं.

"कुठल्या बाजूला?" लमूनताईनं विचारलं.

"डावीकडे खाली आलाय."

बोटांनी गजरा वर सरकवला. "आता?"

"अजून थोडा."

"आता?"

"आता सरळ आहे."

लमूनताईचा हात गजऱ्यावरच राहिला. "पुन्हा एकदा सांग चा," ती म्हणाली.

"सरळ आहे, मावशी. छान दिसतंय."

लमूनताईनं हात खाली घेतला. दोन-तीन वर्षांत तिला छान हा शब्द रोज मिळत होता, आणि त्या पहाटे पहिल्यांदाच तिचा त्यावर विश्वास बसला.